उल्काचं नाव घेतो

मॉरिसव्हिल, ६ फेब्रुवारी

हिमानी,

आशीर्वाद. फोन बंद केलास तरी ते पोचतात, म्हणून आधी तेच लिहिते.

परवा दुपारी तुझ्या व्हॉइसमेलवर जे आलं, ती चेष्टा नव्हती. इतक्या वर्षांनी बाबांनी तुला फोन केला, तोही त्या जुन्या गाण्यातल्या स्वामीचा आवाज काढायला, आणि वर हसलेसुद्धा, असं तुला वाटलं. वाटणारच. तुझ्या जागी मी असते तर याहून जास्त तोंड सोडलं असतं. तू नुसतं 'धिस इज सिक, आई. टेल हिम नेव्हर टू कॉल मी अगेन' एवढं लिहून नंबर ब्लॉक केलास. नंतरचे माझे मेसेज तुझ्यापर्यंत जातच नाहीत, असं शेजारच्या सईनं फोन बघून सांगितलं. म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. आणि मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला नीट भांडता येत नाही. जोडाक्षराला अडलीस तर मोठ्यानं वाच, रविवारच्या वर्गात वाचायचीस तशी.

आता खरं काय ते. संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला. पाय ओढत का होईना चालतात. बोलणं मात्र गेलं. इंग्रजी गेलं, मराठीही गेलं, 'हो'सुद्धा म्हणता येत नाही. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू येतेस की नाही ते मला कळलं असतं. ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

सगळं गेलं आणि एकच गोष्ट उरली. पाणी हवं असलं तरी तीच, पाय दुखला तरी तीच, डॉक्टरांनी नाव विचारलं तरी तीच. रेकॉर्डवर आहे त्याच नाकातल्या आवाजात:

'कृष्णेच्या घाटावर वारा सुटला गार,
उल्काचं नाव घेतो, उघडा आता दार.'

मग क्षणभर थांबतात आणि हसतात. रेकॉर्डवर ती तीन पोरं हसतात, अगदी तसं, शेवटच्या त्या बारीक किंकाळीसकट. हसून झालं की माझ्याकडे असे बघतात, जणू दुसरंच कुणी खोलीत येऊन हसून गेलं. घाबरतात गं ते.

परवा तुझा फोटो दाखवला तेव्हा डाव्या हातानं त्यावर टकटक करत राहिले. मला वाटलं, बोलायचंय. मी फोन लावला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. तू उचलला नाहीस, बीप वाजला, आणि त्यांच्यापाशी होतं ते त्यांनी सांगितलं. हे तुझ्या कानाला कसं लागेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

बोलणं शिकवायला नैना नावाची मुलगी येते. ती म्हणते, पुन्हा झटका आला तर हेही जाईल. त्याआधी ये.

आई


मॉरिसव्हिल, २१ फेब्रुवारी

हिमानी,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुझ्या पेटीत पडलं असणार. तेवढ्यावर दुसरं लिहिते.

तुझी समजूत अशी, की बाबांनी स्टुडिओत बसून आईच्या नावाची टिंगल रचली. माझीही तीच समजूत असती तर बरं झालं असतं, रागवायला सोपं गेलं असतं. पण ते शब्द रेकॉर्डसाठी रचलेलेच नव्हते. शाळेच्या बसमध्ये पोरं तुझ्यामागे जे ओरडायची, तो आमच्या लग्नातला उखाणा होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस.

१९६४ चा मे. हे कॅन्ससहून सुट्टी काढून लग्नापुरते आले होते. लग्न लागून आम्ही सांगलीच्या घरी पोचलो, तर तुझ्या आत्यानं दार अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. सगळं गाव जमलेलं. माझा उखाणा मावशीनं घोटून घेतला होता, तो मी पटकन म्हणून टाकला. हे मात्र लालबुंद. चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस. आत्या म्हणाली, आता रात्रभर इथेच उभे राहा. तेव्हा खाली मान घालून यांनी हा उखाणा म्हटला. कुणाकडून उसना आणलेला नव्हता, येताना प्रवासात स्वतः केला होता. दार उघडलं. त्या घडीला ते मला फार आवडले. हे तुला कुणी सांगितलेलं नसणार, कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही.

महिन्याभरात ते परत इकडे आले. माझे कागद व्हायला वर्ष लागलं. तेवढ्यात ते झालं. यांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा भाऊ 'रिकी अँड द रेडिएटर्स' नावाच्या टोळक्यात गिटार वाजवायचा. 'डायल-अ-स्वामी' नावाचं गाणं ते कुणाच्या तरी तळघरात टेपवर भरत होते, आणि त्यांना स्वामी मिळत नव्हता. गाणं तुला पाठ आहे, तरी लिहिते. लिहिलं की राग जरा आटोपशीर होतो. पोरगा प्रेमात पडतो, स्वामीला फोन लावतो, ती माझी होईल का म्हणून विचारतो. ड्रम थांबतात. स्वामी नाकातून काहीतरी बरळतो. तिघं हसतात. पुन्हा ड्रम. असं तीनदा, आणि तिसऱ्यांदा गाणं संपतच नाही, नुसतं हसणं लांब लांब जात विरून जातं. तुझ्या भाषेतलं काहीतरी यमकातलं म्हण, म्हणाले. यांच्यापाशी यमकातलं एकच होतं. नाकातून म्हण, म्हणाले. यांनी म्हटलं.

मी उतरले तोवर ते गाणं देशभर झालं होतं. मित्राच्या गाडीतून विमानतळावरून येत होतो आणि रेडिओवर लागलं. यांनी माझा हात धरला. पुढे परकी माणसं बसलेली असताना धरला, म्हणजे बघ केवढा आनंद झाला असेल. म्हणाले, "ऐक, आता तुझं नाव येईल."

आलं. मागोमाग ते हसणं आलं. पुढे बसलेला मित्र हसला, गाडी चालवणारी त्याची बायको हसली. यांना वाटत होतं, मला भेट दिली. अख्ख्या देशाच्या तोंडी माझं नाव होतं आणि ते कुणा बाईचं नाव आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. मी हात सोडवून घेतला. त्यानंतर त्यांचं नाव मी कधी उखाण्यात घेतलं नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका आग्रह करकरून थकल्या. उल्काकाकू फार शिष्ट, असं म्हणायच्या. म्हणू देत.

पण एक सांगते, तुझ्या बाजूनं इतकी वर्षं बोलल्यावर एवढं त्यांच्या बाजूनं. तीस वर्षं त्या हायवे खात्यात माती तपासली. मीटिंगमध्ये कुणी त्यांना दोन शब्द बोलू दिले नाहीत. क्रिसमसच्या पार्टीत मात्र 'नील, डू द स्वामी' म्हणून सगळे गोळा व्हायचे. या देशानं त्यांचं बाकी काही ऐकूनच घेतलं नाही, एवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं. माणूस जिथं ऐकलं जातं तिथंच बोलतो.

यानं तुझा राग जाईल असं नाही. माझा कुठे गेलाय.

आई


मॉरिसव्हिल, १३ मार्च

हिमानी,

आज चांगलं सांगायचंय. तू उत्तर देत नाहीस यावर रुसायला सवड नाही.

नैना आली त्या पहिल्या दिवशी बाबांनी तिला उखाणा ऐकवला, तर पोरगी फिस्सकन हसली. ते गाणं म्हणे पुन्हा मुलांच्या फोनवर फिरतंय, कुत्र्यांच्या व्हिडिओमागे लावतात. हा आवाज या माणसाचा आहे, असं मी सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. तिचे आईवडील नागपूरचे. मराठी समजतं, बोलते इंग्रजी मिसळून. तिनं सांगितलं ते असं, की नवीन बोलणं डोक्यात एकीकडे असतं आणि पाठ झालेलं दुसरीकडे. यांचं पहिलं घर पडलं, दुसरं शाबूत आहे. मग त्या पाठ झालेल्या ओळीतूनच नवा शब्द बाहेर आणायचा. 'उल्का'च्या जागी 'पाणी' घालायचं.

आम्ही दोघी रोज त्यांच्यासमोर बसून मांडीवर ताल धरून म्हणत होतो, 'पाण्याचं नाव घेतो, पाण्याचं नाव घेतो.' कुणी बघितलं असतं तर आम्हालाच भरती केलं असतं. आणि एक दिवस ते म्हणाले, 'पाण्याचं नाव घेतो, उघडा आता दार.' मग हसले, ठरल्याप्रमाणे. पण पाणी दिलं ते घटाघट प्यायले. मागितलेलं पाणी, हिमानी. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा मागितलेलं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. नैना म्हणाली, "काकू, प्लीज, पाणी ठीक आहे, पण दुसरं नाव घालून त्या नावाला हात नको लावू. ती एकच शुअर गोष्ट आहे त्यांच्याकडे. मोडली तर परत नाही येणार."

मी हो म्हटलं आणि ती गेल्यावर लावला. माझं नाव काढलं आणि तुझं घातलं. माझं त्यांनी पुष्कळ वेळा घेतलंय, साऱ्या अमेरिकेनं घेतलंय. तुझं घेतलेलं तुला एकदाही ऐकायला मिळालं नाही. तुझ्या लग्नातसुद्धा नाही.

ते लग्न मी विसरलेले नाही. महिनाभर फोनवर तू माझ्याकडून तुझा उखाणा घोटून घेतलास. 'ळ' जमत नव्हता म्हणून रडलीस. कॉलिनचं नाव त्यात बसत नव्हतं, ते आपण किती खटपटीनं बसवलं. जेवणावळीत सगळ्यांनी तुला उभं केलं, तू तोंड उघडणार, तेवढ्यात कॉलिनच्या काकांना कुणीतरी सांगितलं की हेच ते स्वामी. त्या डीजेनं गाणं लावलं आणि बाबांनी तुझ्या हातातला माइक घेतला. हिसकावला नाही, घेतला, पण तुझ्या हातातूनच. सगळा हॉल किंकाळ्या मारत होता. तू हॉलबाहेर गेलीस ती आमच्या घरात पुन्हा आली नाहीस. पुढे कॉलिननंही तीच नक्कल घरात रोज चालवली आणि ते लग्नही मोडलं. तुझा उखाणा मला अजून पाठ आहे. इथे लिहीत नाही.

तर परवा सकाळी. इथे पाइनचा पिवळा पराग पडायला लागलाय, खिडक्या माखल्यात. मी ओल्या फडक्यानं काच पुसत होते आणि म्हणत होते, 'हिमानीचं नाव घेतो, हिमानीचं नाव घेतो.' आता ते सवयीनं तोंडात बसलंय. मागून आवाज आला,

'हिमानीचं नाव घेतो, उघडा आता दार.'

नाकातून नाही. त्यांच्या स्वतःच्या आवाजात, जो मी सांगलीच्या दारात ऐकला होता. मी फडकं धरून हसण्याची वाट बघत उभी राहिले. हसले नाहीत. तुझ्या नावामागे ते हसणं आलंच नाही. ते रेकॉर्डवर नाही ना. ते फक्त त्यांचं आहे.

मी खाली बसून रडले. ते चालत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

आता तरी ये. न्यूअर्कहून दीड तासाचं विमान आहे.

आई


मॉरिसव्हिल, २७ मार्च

हिमानी,

तुझा मेसेज मिळाला. म्हणजे फोन उघडलास. एवढ्यानंही मला बरं वाटलं, असं लिहायला नको होतं, पण लिहिलं.

'रेकॉर्ड इट अँड सेंड इट टू मी.' तुझा विश्वास बसत नाही. नसू दे. पण मी आठवडाभर तेच करतेय आणि मला ते जमत नाहीये. फोन हातात घेऊन त्यांच्यासमोर धरला, की पाठ ताठ करतात, गळा साफ करतात आणि नाकातून सुरू होतात. 'कृष्णेच्या घाटावर.' पुढे किंकाळीसकट हसणं. तोंडासमोर काही धरलं की स्वामी व्हायचं, ही साठ वर्षांची सवय. फोन टोपलीत लपवला, उशीखाली ठेवला, सईला खिडकीबाहेर उभं केलं. तर बोलतच नाहीत. फोन नसतो तेव्हा तुझं नाव घेतात. रोज नाही, कधीतरी, आणि आता अर्धवट. 'हिमानीचं' म्हणतात आणि पुढचं हुडकत राहतात. माझं नाव तर फोनशिवाय आता येतच नाही. नैनाला मी काय केलं ते सांगितलं. ती रागावली नाही, नुसती वहीत काही लिहीत बसली.

यंत्रात पकडता येणार नाही, गं. कानानंच ऐकावं लागेल. तू पुरावा मागतेस आणि माझ्यापाशी पुरावा नाही, नुसती माझी जबान आहे. तिच्यावर विसंबून येत असशील तर ये. आणि लवकर ये.

आई


मॉरिसव्हिल, ९ एप्रिल

हिमानी,

तू शुक्रवारी येते म्हणालीस. तिकीट काढल्याचा फोटो पाठवलास तो मी सईकडून मोठा करून तीनदा बघितला. हे पत्र मी जलद टपालानं टाकतेय, म्हणजे निघण्याआधी तुझ्या हातात पडेल. फोनवर मला हे सांगता येणार नाही.

रविवारी त्यांना पुन्हा झटका आला. हॉस्पिटलात दोन दिवस ठेवलं आणि करण्यासारखं काही नाही म्हणून घरी पाठवलं. आता पलंगावरच आहेत. डोळे उघडे असतात. मी त्यांच्यासमोर आले तर कळतं, असं मला वाटतं. नैनाला तसं वाटत नाही, पण ती तोंडावर म्हणत नाही.

घाट गेला. वारा गेला. दार गेलं. तुझं नाव गेलं, आणि माझंही. मी नैनाला विचारलं, मी त्या नावाला हात लावला नसता तर ते राहिलं असतं का. ती म्हणाली, झटक्यानंच गेलं, काकू, तुझ्यामुळे नाही. ती चांगली मुलगी आहे, असंच म्हणणार. मला ते कधी कळायचं नाही आणि त्याची बोच घेऊनच मला पुढचे दिवस काढायचे आहेत.

शब्द सगळे गेले आणि हसणं राहिलं. तेवढंच राहिलं. रेकॉर्डवरचं, तिघांचं, शेवटच्या किंकाळीसकट. कूस बदलली तरी हसतात. तोंडात घास घातला तरी हसतात. काल सुई टोचताना हसले आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. परमेश्वरानं नेमकं काय ठेवायचं ठरवलं बघ. मी साठ वर्षं या हसण्याला घरात येऊ दिलं नाही. ती रेकॉर्ड मी गॅरेजच्या पुढे येऊ दिली नव्हती. आता ते माझ्या अंथरुणाशेजारी असतं.

काल संध्याकाळी मी त्यांचं नाव घेतलं. तू मला ओळखतेस, मी हळवी बाई नाही. पण वाटलं, त्यांनी साठ वर्षं एकट्यानंच म्हटलं, समोरून कुणी उत्तर दिलं नाही. दारात उभ्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. केस नीट केले, कुंकू लावलं, खुर्ची त्यांच्या तोंडाजवळ ओढली. स्वतःच केलेला आहे, मावशीचा नाही. तुलाही लिहून देते, कुणाला तरी ठाऊक असू दे.

'चहा झाला गार आणि वाट पाहिली फार,
नीळकंठरावांचं नाव घेते, उघडलं बघा दार.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. एवढंसं काहीतरी जुळतंय असं मला दिसलं, खरंच दिसलं. आणि मग ते हसले. माझ्या नावामागे जे हसणं साऱ्या देशानं ऐकलं, तेच त्यांच्या नावामागे मी एकटीनं ऐकलं, विरून जाईपर्यंत.

मला आता कशाचीच आशा राहिलेली नाही, आणि तुलाही खोटी लावणार नाही. तुझं नाव ऐकायला येत असशील तर उशीर झाला. त्यात तुझी चूक नाही. तू विचारलंस, मला दाखवता आलं नाही, एवढंच झालं.

शुक्रवारी दाराला कडी नसेल. त्यांची खोली लगेच उजवीकडे आहे, पलंग दाराच्या समोर. पावलं वाजली की ते तिकडे बघतात. तू उंबऱ्यात दिसलीस की ते तुझ्या तोंडावर हसतील, बसमधली पोरं हसायची तसं, तुझ्या लग्नात सगळा हॉल हसला तसं. मी थांबवू शकणार नाही. ते थांबवू शकत नाहीत.

तरी आत ये.

आई